सनांच्या सरळ रेषा : निजामशाही कागदांच्या कालनिर्णयाची एक रीति

अहमदनगर जिल्ह्यांतील (२०२४ पासून सरकारी नांव अहिल्यानगर) देशमुख, देशपांडे, कुळकर्णी व पाटील यांच्या दप्तरांत निजामशाहीच्या उत्तरकालांतील कौल, महजर आणि इनामपत्रें आढळतात. यांपैकीं पुष्कळांवर सन आंकड्यांनीं नसून अरबी शब्दांनीं लिहिलेला असतो. ‘खमस अशरीन अलफ’ हा असाच एक सन घेऊं. खमस म्हणजे ५, अशरीन म्हणजे २० आणि अलफ म्हणजे १०००, मिळून १०२५. वाचन येथें संपतें, पण कालनिर्णय येथूनच सुरू होतो. कारण हा १०२५ कोणत्या गणनेचा, हें शब्द सांगत नाहींत.

तो हिजरी धरला, तर वर्षाचा आरंभ इसवी १६१६ च्या जानेवारींत येतो. याच वर्षाच्या फेब्रुवारींत रोशनगांवाजवळ शाहनवाजखानानें मलिक अंबराचा पराभव केला व त्यानंतर मोगलांनीं खडकी उध्वस्त केली. तोच सन शुहूर धरला, तर वर्ष १६२४ च्या मे महिन्यांत लागून १६२५ च्या मे महिन्यांत संपतें. या वर्षांत नगराजवळ भातवडी येथें मलिक अंबरानें मोगल व आदिलशाही अशा दोन्ही फौजा एकाच वेळीं मोडल्या, आणि शहाजीराजांचे बंधु शरीफजी तेथें पडले. एकच शब्दसमूह एका गणनेनें अंबराच्या मोठ्या पराभवाच्या वर्षावर, तर दुसरीनें त्याच्या सर्वांत मोठ्या विजयाच्या वर्षावर येऊन पडतो. एखाद्या गांवास वसाहतीचा कौल त्या सनांत मिळाला असेल, तर तो पराभवानंतर ओस पडलेल्या मुलखाचा कीं विजयानंतर सावरलेल्या मुलखाचा, हें सर्वस्वीं या एका निर्णयावर अवलंबून आहे.

अशा निर्णयासाठीं संशोधक जंत्री उघडतात, आणि तें योग्यच आहे. सिवेल व शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध केलेला कालगणनेचा ग्रंथ आणि त्यानंतरच्या जंत्र्या यांवांचून आमचें पाऊल पुढें पडत नाहीं. परंतु जंत्री उत्तर देते. तें उत्तर कां येतें, हें सांगत नाहीं. म्हणून कोणत्या सनाचें कोष्टक उघडावें येथेंच चूक झाली, तर जंत्री ती चूक तिथीवारासह पक्की करून देते. आमचें म्हणणें असें कीं, प्रत्येक सन ही एक सरळ रेषा आहे, व सन बदलण्याचे पुस्तकांतून आढळणारे निरनिराळे नियम हीं त्या रेषेच्या समीकरणाचीं निरनिराळीं रूपें आहेत. हें ध्यानांत धरिलें असतां कागदावरील सन स्वतःच आपली जात सांगूं लागतो.

रेषा हा शब्द येथें अलंकारानें वापरलेला नाहीं. आडव्या रेघेवर एका सनाचीं वर्षें व उभ्या रेघेवर इसवी वर्षें मांडावीं, आणि प्रत्येक वर्षारंभाचा बिंदु टाकीत जावें. सर्व बिंदु एका सरळ रेषेवर येतात. ती रेषा ठरविण्यास दोनच संख्या पुरतात. सनाचें एक वर्ष सरलें म्हणजे इसवींत किती भर पडते, ही पहिली. हिला शाळेंतील पुस्तकें रेषेचा चढ म्हणतात, आम्ही जुन्या ज्योतिष्यांचा शब्द घेऊन गति म्हणूं. सनाच्या शून्यास इसवी किती होती, ही दुसरी; हिला क्षेपक म्हणूं. हे शब्द आमच्या हस्तलिखित-संग्राहकांस अनोळखी नाहींत. शके १४४२ हा आरंभ धरून गणेश दैवज्ञानें ग्रहलाघव रचिला, त्या वेळीं नगरास पहिला बुऱ्हाण निजामशहा राज्य करीत होता. त्या ग्रंथांत मध्यम ग्रह काढावयाचा तो याच धर्तीवर : आरंभींचा क्षेपक घ्यावा आणि गेलेल्या काळाची गति हिशेबांत धरावी. दोन अव्यक्तांचें समीकरण त्याच्याहि पूर्वीं, ११५० च्या सुमारास, भास्कराचार्यांनीं बीजगणितांत ‘अनेकवर्ण’ या नांवानें शिकविलें होतें. तें समीकरण कागदावर रेषा म्हणून काढण्याची पद्धति मात्र देकार्तच्या १६३७ सालच्या भूमितीनंतर रूढ झाली; म्हणजे निजामशाही संपल्यावर दुसऱ्याच वर्षीं तिचा ग्रंथ छापला गेला.

आतां पहिलें रूप. हिजरी वर्ष केवळ चांद्र असून त्यांत अधिक मास नाहीं. त्याचें मध्यम मान ३५४ दिवस व एका दिवसाचे ३० पैकीं ११ भाग इतकें आहे. यास जुन्या ज्यूलियन वर्षाच्या ३६५¼ दिवसांनीं भागिलें असतां ०.९७०२ ही गति येते. हिजरी १ चा आरंभ १६ जुलै ६२२ रोजीं, म्हणजे ६२२.५४ या ठिकाणीं झाला. तेव्हां ‘ई’ म्हणजे वर्षारंभाचा इसवी काल व ‘ह’ म्हणजे हिजरी अंक धरून,

ई = ०.९७०२ × ह + ६२१.५७

हें समीकरण मिळतें. ह च्या जागीं १०२५ घातले असतां १६१६.०३ येतात, म्हणजे १६१६ च्या जानेवारीची १० वी तारीख, एखादा दिवस मागेंपुढें. या लेखांतील इसवी तारखा ज्यूलियन आहेत. नव्या पद्धतीची तारीख हवी असल्यास सतराव्या शतकासाठीं १० दिवस मिळवावे.

शुहूर सनाची गोष्ट वेगळी. तो सूर्याच्या मृग नक्षत्रप्रवेशाशीं बांधलेला, म्हणून त्यास मृगसाल असेंहि नांव आहे. त्याचें वर्ष सौर असल्यामुळें त्याची गति १ आहे. अचूक बोलावयाचें तर मृगाचा दिवस ज्यूलियन तारखांत शंभर वर्षांत एका दिवसाहून कमी असा पुढें सरकतो. तेवढें येथें सोडून देऊं. मलिक अंबराच्या काळीं मृग मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यांत लागत असे. त्याचें समीकरण असें :

ई = शु + ५९९.४

म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे, हा सर्वांच्या परिचयाचा नियम. शक काढावयाचा असल्यास मृग ते फाल्गुन ५२१ व चैत्र ते मृग ५२२ मिळवावे.

दक्षिणेंतील फसली सनहि मृगालाच सुरू होतो व त्याचीहि गति १ आहे. क्षेपक मात्र ५९०.४. दोन रेषांची गति एक आणि क्षेपक भिन्न असतील तर त्या समांतर असतात व कधींहि मिळत नाहींत. याचा दप्तरांतील उपयोग फार मोलाचा आहे. शुहूर व दक्षिणी फसली यांत अंतर नेहमीं ९ चेंच असलें पाहिजे, मग कागद शहाजहानच्या काळचा असो कीं सवाई माधवरावांच्या. ज्या महजरांत दोन्ही सन असून अंतर ८ किंवा १० भरतें, त्यांत नकलकाराचा हात चुकला आहे, किंवा तो कागद मागाहून कोणी तयार केला आहे. राज्याभिषेक शक हाहि शालिवाहन शकास समांतरच : त्यांत १५९५ मिळविले कीं शालिवाहन शक येतो. फक्त तो ज्येष्ठ शुद्ध १३ स पालटतो, ही गोष्ट चैत्र ते ज्येष्ठ या महिन्यांतील कागदांविषयीं विसरूं नये.

ज्यांची गति भिन्न आहे अशा रेषा मात्र कोठें तरी एकमेकींस छेदतातच. हिजरी व शुहूर यांचे अंक केव्हां सारखे होते, हें पाहण्यासाठीं दोन्ही समीकरणांत अंक एकच, ‘न’, धरूं. शुहूरचा क्षेपक चौदाव्या शतकाच्या मानानें ५९९.३७ घ्यावा, कारण त्या काळीं मृग कांहीं दिवस अगोदर लागे. मग ०.०२९८ × न = २२.२, आणि न = ७४५. हिजरी ७४५ चा आरंभ १५ मे १३४४ रोजीं झाला; गादीवर महंमद तुघलख होता, आणि दौलताबादेस त्यानें राजधानी हलविल्यास दीड तप उलटलें होतें. चांद्र वर्षानें सारा घेणें पिकांच्या हंगामाशीं जुळत नाहीं, म्हणून चालू हिजरी अंक तसाच ठेवून पुढें त्यास सौर गतीनें चालविलें, तो शुहूर सन. त्याच्या जन्माचें वर्ष कोणत्याहि बखरींतून न घेतां दोन रेषांच्या छेदावरून काढतां येतें, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

हेंच गणित फसलीला लाविलें असतां न = १०४६ येतो. हिजरी १०४६ चा आरंभ २६ मे १६३६ रोजींचा. याच वर्षीं शहाजहान दक्षिणेंत होता, आदिलशाहीशीं तह होऊन निजामशाहीचा मुलूख वांटला गेला आणि पुढें माहुलीस शहाजीराजांनीं शस्त्र खालीं ठेवलें. राज्य बुडालें त्याच वर्षापासून वसुलाचा नवा सन या मुलखांत चालूं झाला. यावरून दुसरी एक कसोटी निघते : १६३६ पूर्वींच्या म्हणविणाऱ्या निजामशाही कागदावर दक्षिणी फसली सन असेल, तर तो कागद संशयास्पद समजावा. मात्र उत्तरेचा फसली अकबरानें हिजरी ९६३, म्हणजे १५५६, पासून धरलेला असून त्याचा क्षेपक वेगळा, ५९२-९३ आहे. नगरचा किल्ला १६०० च्या ऑगस्टांत मोगलांनीं घेतल्यावर जे बादशाही कागद या बाजूस निघाले, त्यांचा विचार करतांना हा भेद ठेवावा.

समीकरणाचें दुसरें रूप जंत्री हातीं नसतां उपयोगी पडतें. रेषेवरील एक बिंदु पक्का ठाऊक असेल आणि गति ठाऊक असेल, तर क्षेपकाची गरजच नाहीं. हिजरी १०४६ चा आरंभ १६३६.४० हा बिंदु पाठ असावा. मग हिजरी १०३४ काढण्यास १२ वर्षें मागें यावयाचें. १२ × ०.९७०२ = ११.६४, १६३६.४० मधून तें वजा जातां १६२४.७६, म्हणजे ४ ऑक्टोबर १६२४. अंतर जितकें थोडें तितकी गतींतील चूकहि थोडी, म्हणून बिंदु शक्य तों कागदाच्या जवळचा घ्यावा.

गतिहि ठाऊक नसेल तेव्हां तिसरें रूप, दोन बिंदूंचें. ज्या सनाची ओळख पटत नाहीं असा सन एका दप्तरांतील दोन कागदांवर असून त्याच कागदांवर शकहि असेल, तर सनांतील फरकानें शकांतील फरकास भागावें. भागाकार १ आला तर सन सौर, ०.९७ च्या आसपास आला तर हिजरी. वरील दोन बिंदूंवरच हें करून पाहावें : ७४५ ते १०४६ हीं ३०१ वर्षें, १३४४.३७ ते १६३६.४० हीं २९२.०३, भागाकार ०.९७०२. परंतु दोन कागदांत निदान ६०-७० वर्षांचें अंतर असल्याखेरीज या रीतीवर विसंबूं नये. वर्षाचा अंक पूर्णांक असल्यामुळें एका वर्षाची गफलत कोठेंहि होऊं शकते, आणि दहा वर्षांच्या अंतरांत सौर व चांद्र यांतील फरक जेमतेम चार महिन्यांचा पडतो.

चौथें रूप अपूर्णांक टाळतें. ३२ सौर वर्षांत चांद्र वर्षें जवळ जवळ ३३ होतात. म्हणून हिजरी अंकांतून त्याचाच ३३ वा भाग वजा करून ६२२ मिळवावे, असा नियम पुष्कळ पुस्तकांतून दिलेला असतो. सर्व ३३ नें गुणिलें असतां,

३३ ई – ३२ ह = २०५२६

भास्कराचार्यांच्या पद्धतीनें हिजरीस यावत्तावत् आणि इसवीस कालक मानून लिहावयाचें तर एका ओळींत ‘या ३२ रू २०५२६’ व तिच्या खालीं ‘का ३३’. बीजगणिताची पोथी चाळलेल्यास या दोन ओळी ओळखीच्या वाटतील. हा नियम स्थूल खरा, पण निजामशाहीच्या काळीं त्यांत एकदोन महिन्यांहून अधिक चूक येत नाहीं. हिजरी १००० साठीं तो १५९१.७० देतो, सूक्ष्म उत्तर १५९१.७७, म्हणजे ९ ऑक्टोबर.

दोन्ही अक्षांवर रेषा कोठें कापते यावरून समीकरण लिहिण्याचें पांचवें रूप पाठ्यपुस्तकांत असतें. आमच्या कामास तें अर्धेंच लागतें. इसवी अक्षावरील छेद म्हणजे सनाचा क्षेपक. हिजरी अक्षावरील छेद उणे ६४१ च्या जवळ येतो, आणि त्या अंकास इतिहासांत कांहींच अर्थ नाहीं. गणितांत जें शुद्ध तें सर्वच इतिहासांत अर्थपूर्ण असतें असें नाहीं, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

आतां रेषेची मर्यादा. रेषा वर्षारंभ देते, तिथि देत नाहीं. शालिवाहन वर्षांत अधिक मास येत असल्यामुळें त्याचे वर्षारंभ रेषेवर बरोबर न पडतां तिच्या दोन्ही बाजूंस हेलकावे घेतात. हिजरी महिना चंद्रदर्शनावर अवलंबून, आणि दिवस सूर्यास्तापासून. म्हणून एका दिवसाचा फरक सदैव गृहीत धरावा. यांहून मोठी अडचण मराठी कागदांत आहे. त्यांत वर्ष शुहूर, पण महिना व तारीख मुसलमानी, अशी सांगड असते. ‘छ’ या खुणेनें चंद्राची तारीख द्यावयाची व पुढें ‘सु॥’ करून सौर सन लिहावयाचा. म्हणजे एकाच ओळींत दोन निराळ्या गतींच्या रेषा एकत्र आल्या.

यामुळें काय घडतें तें पाहा. शुहूर १०२५ हें वर्ष २४ मे १६२४ च्या सुमारास लागलें. त्या दिवशीं हिजरी १०३३ च्या साबानची १६ तारीख होती. तें संपलें २४ मे १६२५ च्या सुमारास. तेव्हां हिजरी १०३४ च्या साबानची २६ तारीख होती. सौर वर्ष चांद्राहून सुमारें ११ दिवसांनीं मोठें, म्हणून साबानच्या १६ पासून २५ पर्यंतच्या तारखा त्या एका शुहूर वर्षांत दोनदां आल्या. समजा कागदावर ‘छ २० साबान सु॥ खमस अशरीन अलफ’ असें आहे. तो २८ मे १६२४ चा असूं शकेल, तसाच १८ मे १६२५ चाहि. पहिल्या दिवशीं शुक्रवार, दुसऱ्या दिवशीं बुधवार. वार दिलेला असेल तर एका दिवसाची सूट धरूनहि निर्णय होतो. नसेल तर दोन्ही तारखा छापाव्या, एक निवडून दुसरी झांकूं नये.

आरंभींच्या प्रश्नाकडे आतां वळूं. ‘खमस अशरीन अलफ’ हा हिजरी कीं शुहूर? फारशी फर्मानांत बहुधा हिजरी व मराठी कागदांत बहुधा शुहूर, हा सामान्य नियम झाला. त्यावर एकट्यावर भार देऊं नये. कागदांत हिजरी व शुहूर दोन्ही असतील, तर त्यांतील अंतर तपासावें. तें ७४५ सालीं शून्य होतें व तेथून दर साडेबत्तीस वर्षांस एकानें वाढत गेलें. शुहूर १०२५ साठीं २८० भागिले ३२.५६, म्हणजे ८.६, तेव्हां वर्षारंभीं हिजरी १०३३ असून त्याच वर्षांत पुढें १०३४ लागलें पाहिजे. तसें असेल तर दोन्ही अंक एकमेकांचे साक्षी होत. शक दिला असल्यास १५३७-३८ असेल तर हिजरी, १५४६-४७ असेल तर शुहूर. संवत्सराचें नांव असेल तर तेंहि पाहावें, पण सावधपणें : भातवडीच्या शके १५४६ चा संवत्सर रक्ताक्षी, रोशनगांवाच्या शके १५३७ चा राक्षस. वाळवी लागलेल्या मोडी कागदांत ‘र’ आणि ‘क्ष’ एवढींच अक्षरें वाचतां आलीं, तर दोन्ही नांवें सारखींच जुळतात.

सनाचे अरबी शब्द वाचतांनाहि अशीच काळजी हवी. समान म्हणजे ८ व समानीन म्हणजे ८०. सीत म्हणजे ६ व सितैन म्हणजे ६०. तिस्सा म्हणजे ९ व तिसैन म्हणजे ९०. नकलकारानें शेवटचें अक्षर गाळलें कीं रेषेवरचा बिंदु एकदम कित्येक वर्षें सरकतो. गतीचें व क्षेपकाचें गणित कितीहि शुद्ध असलें, तरी मुळांत घातलेला अंक चुकीचा असल्यास उत्तरहि तितक्याच शुद्धतेनें चुकीचें येतें.

म्हणून दप्तरें प्रसिद्ध करणाऱ्यांस आमची एक विनंति आहे. पुष्कळ छापील संग्रहांत कागदाच्या माथ्यावर केवळ इसवी साल आढळतें. मूळ सनाचे शब्द गाळलेले, आणि कोणती गणना धरली याचा उल्लेख नाहीं. मूळ कागद पुढें जीर्ण होऊन गेला, तर तें इसवी साल तपासण्याचें साधनच उरत नाहीं. संपादकानें शुहूरच्या जागीं हिजरी धरलें असेल, तर ८ वर्षें व ४ महिन्यांची चूक कायमची इतिहासांत शिरते, आणि भातवडीच्या वर्षींचा कौल रोशनगांवाच्या वर्षीं जाऊन बसतो. याकरितां सनाचे शब्द जसेच्या तसे, छ व सु॥ या खुणांसह, छापावे. मग आपण धरलेली गणना सांगावी. आणि शेवटीं इसवी द्यावें. असें केलें म्हणजे पुढील वाचकास रेषा स्वतः आंखून पाहतां येईल, आणि संपादकाच्या निर्णयाशीं त्याचें मत न जुळलें तरी कागदाची साक्ष त्याच्यापुढें अखंड राहील.